तारप्याला पाठ

माझे हात कधी स्वस्थ बसलेच नाहीत. ऐंशीच्या दशकात मी बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. तिथले वाया गेलेले रंग घरी आणायचे, काचेच्या बशीत तेलपाण्यावर त्यांचे थेंब सोडायचे, कारखान्यातून मागून आणलेल्या जुन्या प्रोजेक्टरवर बशी ठेवायची आणि रेडिओवरच्या सुरांबरोबर ती हलवायची. भिंतीवर लाल-निळे डाग एकमेकांना गिळत धावायचे. त्यात ना माणूस, ना झाड, ना गोष्ट. मला रात्रंदिवस तेच दिसे.

वडील वैतागले. "एकदा चार लोकांना दाखव. कुणी बघितलं तर ठेव, नाहीतर हे धूड मुकाट्याने परत करून ये."

चार कशाला, मी आमचं अख्खं बेटेगाव बोलावलं. भातकापणी उरकली होती. शाळेच्या पटांगणात चादर ताणली. भोपळ्याचा लांब तारपा वाजवणाऱ्या काकांना लोकांच्या मागे, प्रोजेक्टरशेजारी बसवलं, म्हणजे त्यांच्या फुंकरीबरोबर मला बशी हलवता येईल. काकांनी तारपा फुंकला, चादरीवर रंग उसळले, आणि सगळे लोक गर्रकन मागे वळून बसले. चादरीला पाठ करून!

"अहो, तिकडे बघा ना!" मी ओरडलेच.

"तारप्याला पाठ करायची नाय, बाय," एक म्हातारी मलाच रागावली. "तुला ठावं नाय?"

ठाऊक होतं. तारप्याच्या नाचात त्याला कुणी पाठ करत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण डोक्यात रंग शिरल्यावर दुसरं काही सुचतं का? माझा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात काका उठून पटांगणात गेले. त्यांच्याभोवती हातात हात गुंफून फेर सुरू झाला. कुणीतरी वडिलांनाही ओढलं. मी चिडूनच प्रोजेक्टरचा आरसा फिरवला आणि सगळा उजेड नाचणाऱ्यांवर सोडला. हिरवा डाग या पाठीवरून त्या पाठीवर सरकत गेला. वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तो फुटला, जांभळा झाला. एकानेही वळून पाहिलं नाही.

"नाच झकास झाला," वडील घाम पुसत आले. "पण तुझे रंग राहूनच गेले."

"तुमच्या पाठीवर होते."

त्यांनी मान वळवून सदऱ्याकडे पाहिलं. दिवा मी विझवला होता.

"उद्या परत करून येते," मी म्हटलं.

वडिलांनी प्रोजेक्टर घरी न्यायला सायकलच्या कॅरिअरला करकचून बांधला. "थांब गं. माझ्या पाठीवर काय चाललं होतं, ते मला नको का बघायला?"