वहिनीचा दर्या, दादाचा डोंगर

तार आली तेव्हा मी वर्गावर होते. पलूसला त्या दिवशी चक्क ऊन पडलं होतं. शिपायानं दारातूनच कागद पुढं केला आणि मान खाली घालून उभा राहिला. पोस्टात त्याला कुणीतरी मजकूर सांगितला असणार. घरावर डोंगर आला, दादा गेला, वहिनी सुखरूप, निघून ये... एवढंच होतं. सांगायला लाज वाटते, पण वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की शेवटी आलाच तो डोंगर. येतो येतो म्हणून कुणी वर्षभर सांगत राहावं, आणि एक दिवस खरंच दारात उभं राहावं, तसं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुभेदार धोंडीराम. आमची वाडी उंब्रजच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. एसटी जिथं थांबते तिथून पुढं चढच. पूर्वी आमच्याकडची माणसं मीठ आणि सुकी मासळी आणायला घाट उतरून चिपळूणकडं जायची. त्या जाण्यायेण्यातच वडिलांनी दादासाठी खालची मुलगी पाहिली, अगदी समुद्रकाठची. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी परकर नेसून हिंडत होते. भाकरी थापायला ती आमच्यात शिकली, बोलणंही आमचंच उचललं, पण माहेरचा विषय निघाला की गप्प व्हायची. तिचे वडील आणि थोरला भाऊ एकाच गलबतावर होते. कौलं भरून गेलेलं ते गलबत परत आलं नाही. ती मला एकदा म्हणाली होती, "वन्सं, दुसऱ्या दिवशी दर्या इतका शांत हुता... जसं काय त्यानं काई केलंच न्हाई." तेव्हापासून समुद्राचा आवाज कानावर पडेल अशा जागी पुन्हा राहायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. माहेरी गेली तरी दोन दिवसांत परतायची.

दादा पलटणीतून पेन्शनवर घरी आला तो उजवा गुडघा बर्फात घालवून. चढ चढताना दात आवळून धरायचा. तो आला त्याच दिवाळीत वहिनीचा धाकटा भाऊ रघुनाथ आला आणि म्हणाला, माझी सुपारीची वाडी मोठी आहे, एकटा पुरा पडत नाही, शेजारचं घर मोकळं आहे, दोघं या. दादाच्या तोंडावर असा आनंद मी क्वचितच पाहिला. मी तिथंच होते. वहिनी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुमी जावा. मी हितंच ऱ्हाते."

"अगं, तिकडं सपाट हाय. गुडघ्याला ऊब मिळंल."

"दर्या कुनाचा न्हाई. डोंगूर निदान जागचा हालत न्हाई."

 रघुनाथ गेल्यावर मी दादाबरोबर वरच्या बांधापर्यंत गेले. तिथं तो दम खात बसला आणि समोरच्या उतारावर एक उघडा तांबडा पट्टा होता तो मला दाखवला. लहानपणापासून तो मी पाहत आले होते, पण तिथं एके काळी तीन घरं होती हे मला त्या दिवशी कळलं. दादा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. वडील त्याला खांद्यावर घेऊन माती उपसायला गेले होते. "हिला वाटतं डोंगूर हालत न्हाई," तो म्हणाला. "हालतो. लय सावकाश हालतो, म्हनून कळत न्हाई मानसाला."

"मग सांग की वहिनीला."

"सांगून? दर्याची भीती घिऊन ती हितं आली. आता डोंगराचीबी घालू व्हय तिच्या पोटात? मग तिनं जायाचं कुटं?" गुडघा चोळत तो म्हणाला, "मी पलटनीत. हिनं एकटीनं सासू-सासऱ्यांचं समदं काढलं, एक पोर जलमलं आनि गेलं, तवाबी मी नव्हतो. आता तिला नगं तितं कसा नेऊ?"

तर ते दोघं तिथंच राहिले. ज्याचा जीव तिथं रमत नव्हता तो तिच्यासाठी राहिला, आणि तिला वाटत होतं की ती सुरक्षित जागी आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी घराच्या मागचं दार लागेनासं झालं. वहिनी म्हणाली, लाकूड फुगलं. दिवाळी गेली, थंडी आली, लाकूड वाळलं, तरी दार लागेना. मग अधूनमधून भूकंपाचे धक्के बसायचे तसे बसले. आमच्या भागाला ते नवे नाहीत, भांडी वाजतात, माणसं अंगणात येतात, पुन्हा आत जातात. पण संक्रांतीला मी गेले तेव्हा दादा मला घरामागच्या फणसाच्या झाडापलीकडं, वरच्या अंगाला घेऊन गेला. गवतात एक चीर होती. हात जाईल एवढी. तिच्या दोन्ही अंगांना त्यानं खुंट्या ठोकल्या होत्या आणि मध्ये सुतळी बांधली होती. होळीला गेले तेव्हा सुतळी तुटलेली होती. फणस किंचित खालच्या बाजूला झुकला होता... की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

त्या वेळी मात्र मी गप्प बसले नाही. वहिनीला हाताला धरून वर नेलं आणि चीर दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग दादाकडं वळून म्हणाली, "आवं, तुमास्नी ठावं हुतं?" त्यानं मान डोलावली. ती तिथंच गवतावर बसली. त्या दिवशी दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी निघताना वहिनी म्हणाली, "एवडा पावसाळा काडू. दसऱ्याला जाऊ आमी खाली." तिच्या तोंडून 'खाली' ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढचं मी वाडीतल्या लोकांकडून ऐकलं. पाऊस चार दिवस खळला नव्हता. दादा रोज सकाळी झऱ्यावर जायचा. पाणी आधी गढूळ झालं, मग तांबडं, आणि त्या सकाळी झरा आटलेला होता. एवढ्या पावसात झरा आटला, म्हणजे पाणी डोंगराच्या पोटातच साठत होतं! दादा तसाच काठी टेकत घरोघर फिरला. "समदं हाय तितं सोडा. वढ्यापल्याड शाळंत चला." काही जण हसले, काहींनी शिव्या घातल्या. पण सुभेदाराचा आवाज होता तो; माणसं निघाली, गुरं सोडली. वहिनी शेजारणीचं तान्हं कडेवर घेऊन ओढा ओलांडून गेली.

राहिला तो बाळूआबा. डोळ्यांनी अधू, हट्टी. "मी हितंच जलमलो, हितंच मरनार," म्हणून खांबाला धरून बसलेला. दादा ज्योतीराम नावाच्या जवान पोराला घेऊन परत गेला. दोघांनी आबाचे हात सोडवले, ज्योतीरामनं त्याला पाठुंगळी घेतलं आणि उतारावरून तो पळत सुटला. दादा मागं. चढाला ओरडणारा गुडघा उताराला तर दादाचं मुळीच ऐकत नव्हता. ज्योतीराम एकदा थांबला तेव्हा दादा मागून ओरडला, "माझ्याकडं बगू नगंस रं! पळ!"

शाळेच्या ओट्यावरून सगळ्यांनी पाहिलं. आवाज आधी आला नाही. झाडं उभीच्या उभी खाली चालत आली, वहिनी म्हणते, माणसं यावीत तशी. मग आवाज झाला. ज्योतीराम आणि आबा ओढा ओलांडून शाळेच्या बाजूला पोचले होते. वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. एक दादा सोडून.

तेरावं झाल्यावर वहिनीला मी पलूसला आणलं. इथं चारी बाजूंनी सपाट, उसाची रानं. पण तिला इथंही झोप लागेना. एक दिवस म्हणाली, "वन्सं, मला रघूकडं पोचवा." मी विचारलं, दर्याचं काय? तर म्हणाली, "आता काय नेनार त्यो माझं?"

मागच्या आठवड्यात आम्ही घाट उतरून गेलो. रघुनाथानं ते मोकळं घर उघडलं. आतल्या खोलीत नवी माती लिंपलेली, नवा चुना. समुद्राकडच्या भिंतीत खिडकीची चौकट असावी तिथं चिरे भरून गिलावा केला होता, आणि मागच्या अंगाला, सुपारीच्या वाडीकडं, नवीन खिडकी पाडली होती. रघुनाथ म्हणाला, "भावोजींनी केलं हे. उन्हाळ्यात आले होते आठ दिवस. गवंड्याच्या हाताखाली स्वतः उभे राहिले. म्हणाले, हिला दसऱ्याला आणणार हाय, तिला पाणी दिसता कामा नये." आम्हाला दादा चिपळूणच्या डॉक्टरला गुडघा दाखवायला जातो म्हणून सांगून गेला होता...

वहिनी त्या बुजवलेल्या खिडकीपाशी गेली. चिऱ्यांवरून हात फिरवला. एक सांधा नीट भरला नव्हता, तिथं बोटानं उमटवलेली खूण वाळून राहिली होती. गवंड्याची असेल, दादाचीही असेल. भिंतीपलीकडं भरती लागली होती. मला तो आवाज नकोसा झाला. मी म्हटलं, वहिनी, चला परत, अजून वेळ गेलेली नाही.

तिनं भिंतीला पाठ लावली आणि खाली बसली.

"न्हाई वन्सं," ती म्हणाली, "आवाज तेवडा बुजवायचा ऱ्हायला त्यांच्या हातनं. त्यो मी ऐकते."