रोहण्यात एक पान न वाचता उलटतात

शाळा बंद झाली तेव्हापासून ताईनं मोठ्यानं वाचणं सोडलं होतं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. देवळीतल्या एका खाजगी शाळेत ती मराठी शिकवायची. माझं शिक्षण बारावीला सुटलं, पण ऱ्हस्व-दीर्घ तिनंच माझ्या हाडात बसवलं. त्याच जोरावर मी आज लग्नपत्रिका छापण्याच्या दुकानात अक्षरं जुळवतो. उन्हाळ्यात तिची शाळा बंद पडली आणि पावसाळा सरताना चंद्रपूरहून बोलावणं आलं, मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून. राहायचंही तिथंच. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर नाही म्हणून कळवायचं. भाऊजी एवढंच म्हणाले, "तुले वाटते तसं कर." या वाक्यात होकार आहे की राग, हे ताईला कळेना. शेवटी शुक्रवारी ती म्हणाली, "मावशीकडे रोहण्याले जाऊन येतो. मले कोणी काही विचारू नका."

तिला एकटीला पाठवायला माझं मन घेईना. पिशवीत छत्री, टॉर्च, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पोटदुखीच्या गोळ्या भरून मीही निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. देवळीहून आधी पुलगाव गाठायचं, तिथून आर्वीकडची बस धरायची. सध्या बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे ताईचा प्रवास माझ्या निम्म्यात झाला. पुलगावला स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढं काही मिळेलच असं नाही. तर्री जपून, मी जपली नाही. मावशीसाठी ताईनं नाचणगावच्या एका बाईकडून वांगी आणि सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, घेतला.

आर्वीची बस फलाटाला लागता लागता मी खिडकीतून आत रुमाल टाकला. ताई हसली. बऱ्याच दिवसांनी.

"कोणी रुमाल उचलून बसलं तं?"

"भांडीन."

"तू? तू तं कंडक्टरले सुटे पैसे मागतानी घामाघूम होतं."

जागा मिळाली. बस सुटल्यावर ती बाहेर बघत म्हणाली, "घरातली जागा बी अशीच असते रे अमोल. बाई उठली का भरते. मंग कोणाले आठवत बी नाई, इथं कोण बसत होतं."

रस्त्याला कुठंकुठं बंद पडलेल्या लहान रेल्वेचे रूळ दिसले, पुढं गवतात नाहीसे झालेले. दोन्ही बाजूंना पिवळं पडत आलेलं सोयाबीन. रोहण्याला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता आणि फाट्यावर आमच्याशिवाय कोणी उतरलं नाही.

गावाकडं चालू लागलो तर विहाराच्या भोंग्यावरून ग्रंथवाचन ऐकू येऊ लागलं. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने आमच्याकडं गावोगावच्या बुद्धविहारांत रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. बायका ओळीनं बसतात, एकेक पान वाचून ग्रंथ पुढं सरकवतात. त्यामुळे मला त्यात नवल नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता. तो थांबला.

पुढचा आवाज आला नाही.

भोंगा मात्र चालू होता. त्यातली बारीक खरखर सगळ्या शेतांवर पसरली होती. कुणीतरी खोकलं. वाटेवरची बैलगाडी थांबली होती आणि गाडीवानानं डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला होता. एक पान वाचायला लागावा एवढा वेळ तसाच गेला. मग भोंग्यातून पान उलटल्याचा आवाज आला, अगदी कानाजवळ आल्यासारखा. त्यानंतर दुसरी बाई वाचू लागली आणि बैलगाडी हलली.

ताईनं माझं मनगट धरलं होतं. "तुले बी ऐकू आलं ना?"

मावशी विहारातून आली ती पांढऱ्या साडीतच. "जयभीम, बाप्पा! किती वाळली व तू!" म्हणत तिनं ताईला जवळ घेतलं. पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर जेवताना मी विचारलं, मधेच सगळे गप्प का झाले होते?

"थे बेबीची पाळी," मावशी म्हणाली. बेबीताई म्हणजे मावशीची शेजारीण.

"बेबीताई कुठं आहे?"

"नाई आता इथं." आणि तिनं माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. ताईनं माझ्याकडं पाहिलं. पुढं विचारायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्हीही विहारात गेलो. ताई पाय धुवायला नळावर थांबली, मी आधी आत गेलो. पांढऱ्या साड्यांची रांग बसली होती. मावशीच्या शेजारची चटई मोकळी होती, थोडी तिरपी. मी ती सरळ केली आणि जागा धरायला ताईची पिशवी तिच्यावर ठेवली. एसटीची सवय. ताई आली आणि तिथं बसली.

रांगेतून कुजबुज गेली. एक बाई पुढं वाकून म्हणाली, "अवो, थे बेबीची जागा आहे ना!"

ताई उठायला लागली. मावशीनं तिच्या मांडीवर हात ठेवला. "बसली तं बसू दे."

मी मागं पुरुषांत बसलो होतो. ग्रंथ ठेवलेला लाकडी पाट एकेकीपुढून सरकत आला आणि ताईसमोर थांबला. माईकही आला. पंखा बंद होता, कारण त्याचा आवाज माईकमध्ये येतो. ताई हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या श्वासाचा आवाज बाहेरच्या भोंग्यातून, शेतांवरून फिरून पुन्हा आमच्याकडं येत होता. जणू बाहेर कुणी मोठं माणूस श्वास घेत उभं होतं.

मग पान उलटलं. मला आवाज ऐकू आला. हात दिसला नाही.

आणि ताई वाचू लागली.

प्रसंग होता राजघराण्यातल्या बायकांचा. केस कापून, साधी वस्त्रं नेसून त्या पायी निघतात. पाय सुजलेले, अंगावर धूळ, अशा येऊन दाराबाहेर उभ्या राहतात. आम्हालाही भिक्खूसंघात घ्या म्हणतात. आधी नकार मिळालेला असतो, तरी हलत नाहीत. वर्गात वाचायची तोच तिचा आवाज होता. दाराच्या ओळीशी ती जरा थांबली, पण पानाच्या शेवटापर्यंत गेली.

वाचन आटोपल्यावर खीर वाटली. ताईनं हात जोडून सगळ्यांची माफी मागितली. "मले माहीत नव्हतं. बेबीताई कधी वारल्या?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकदम हशा झाला.

"वारली? अवो माय! नर्स आहे थे मुंबईले!"

"फोन केला तं म्हणते ड्युटीवर हावो. मरायले तिले टाइम कुठी आहे!"

मावशी डोळे पुसत हसत होती. "गेली म्हून तिचं पान दुसरीनं काऊन वाचाव? तेवढं पान तिचं. थे तिथी वाचते, आपण इथी गप्प बसतो. जोपर्यंत वर्षावास, तोपर्यंत जागा तिची."

"खरंच वाचते?" मी विचारलं.

"कोण पाह्यले गेलं? पान उलटवाव लागते फक्त. काल म्या उलटवलं."

"आणि आज?"

"आज तुझी ताई होती ना तिथं."

ताई मावशीकडं बघू लागली. "मी नाई हात लावला. मले वाटलं, तूच उलटवलं."

हसू ओसरलं. खिरीच्या वाट्या हातात तशाच राहिल्या. मावशीनं ग्रंथ कापडात बांधला आणि म्हणाली, "चला, घरी चला आता."

रविवारी परतताना मी रुमाल टाकायच्या आत ताई बसमध्ये चढली आणि सरळ जाऊन बसली. विरूळ मागं पडल्यावर म्हणाली, "त्या बायांची गोष्ट मी पोरींना किती वेळा सांगितली. निघाल्या आणि पोचल्या, एवढंच सांगत होतो. मधात दाराबाहेर उभं राहाव लागलं, ते कधी सांगतलंच नाई. मी तिथंच उभी होतो, अमोल. मले वाटत होतं, मलेच आत जाता येत नाई."

घरी पोचल्यावर तिनं भाऊजींना फक्त सांगितलं, विचारलं नाही. भाऊजी उठले. मग माळ्यावरची बॅग काढून तिची चेन चालते का ते पाहू लागले. सोमवारी पहाटे आम्ही दोघांनी तिला गाडीत बसवून दिलं.

रोहण्याला पाहण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. जायचं असेल तर वर्षावासात जा, संध्याकाळी पोचा, आणि मोकळी चटई दिसली तर तिच्यावर पिशवी ठेवू नका.

आता आमच्या देवळीच्या विहारातही ताईची चटई मांडतो. आधी बायकांना ते चमत्कारिक वाटलं, आता वाटत नाही. तिची पाळी आली की सगळे गप्प होतात आणि पान उलटायचं काम माझं असतं. परवा ओल्या हवेनं दोन पानं एकमेकांना चिकटली होती. फाटतील या भीतीनं नखानं सोडवत बसलो; माझ्या पाठीनं झाकलं गेलं म्हणून कुणाला ते दिसलंही नाही.

घरी येऊन चप्पल काढतो तोच ताईचा फोन आला. मागं वसतिगृहातल्या पोरींचा गलका होता.

"काऊन रे," ती म्हणाली, "आज पान उलटायले एवढा उशीर केला?"