चारही बोल्ट माझ्या समक्ष

बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये वास येत होता, आणि तो कशाचा याचा तपास मी चार दिवस केला. पहिला संशय मोरीच्या जाळीवर घेतला. दुसरा खालच्या मजल्यावरच्या मांजरीवर. तिसरा, आता सांगायला लाज वाटते, बायकोच्या पार्लरमध्ये येणाऱ्या एका बाईंच्या केसांच्या तेलावर. मी बस डेपोच्या स्टोअरमध्ये उभा जन्म काढलेला माणूस. गेट पासशिवाय वायसरसुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हीच माझी नोकरी. नोकरी संपली, सवय राहिली. समोरचा माणूस काहीतरी पळवतो आहे एवढं गृहीत धरलं की मला बरं वाटतं.

वास टॉवेलांचा निघाला. आणि तो मी नाही शोधला, आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाच्या प्रमुख बाईंनी शोधला.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यामागे धुण्याभांड्यांची चिंचोळी गॅलरी. समोरच्या खोलीत बायकोचं पार्लर: एक खुर्ची, एक आरसा आणि दिवसाला पंधरा-वीस टॉवेल. उन्हाळ्यात काही प्रश्न नसतो. मे महिन्यात टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत त्याचा पापड होतो. पण श्रावणात तोच टॉवेल तीन दिवस दोरीवर लोंबकळतो आणि चौथ्या दिवशी ओलाच खाली उतरतो. त्यात आमच्या जुन्या मशीनचा पिळून काढणारा टब, ज्याला आपण सगळे मोठ्या प्रेमाने ड्रायर म्हणतो, तो नेमका त्याच महिन्यात बसला.

भजनवाल्या बाईंनी चेहऱ्यावरचा टॉवेल दोन बोटांनी उचलला. "वहिनी, याले वास येऊन राहिला वं."

बायको गोरीमोरी झाली.

"महालक्ष्म्यांच्या आधी फेशियलले येतेच मी," बाई निघताना म्हणाल्या, "पण टॉवेल घरून आणीन. राग नका मानू."

राग मानायची सोयच नव्हती. त्या एक बाई नव्हत्या, पूर्ण मंडळ होत्या. त्यांनी पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला की बाकीच्या अकराजणी काढणार, आणि टॉवेल घेऊन हिंडायचंच तर चौकातल्या नव्या, काचेच्या दाराच्या पार्लरमध्ये काय वाईट, असा विचार करणार. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, यायला बारा दिवस होते.

"मशीन घ्या," बायको म्हणाली. "धुणारं अन् वाळवणारं. खरोखरचं वाळवणारं. अन् तुमचा तपास बारा दिवसांच्या आत संपवा जी. त्या बाईंच्या पिशवीतून टॉवेल निघाला तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

मी आधी जुन्या मशीनच्या मेकॅनिककडे गेलो. तो कामठी रोडला एका गाळ्यात बसतो.

"काका, हिले आता माती द्या," तो म्हणाला.

"काहून? मोटर तर चांगली आहे."

"चांगली आहे न. फक्त फिरत नाही."

याला भंगारात बॉडी हवी, हे मी तिथल्या तिथे ओळखलं. "बॉडी मी देणार नाही," असं सांगूनही टाकलं.

"नका देऊ. ड्रॉइंग रूममध्ये ठेवा. वरून फुलदाणी ठेवा."

मग मी त्याच्या गाळ्यात पडलेली मशीनं मोजली. एकाच कंपनीची पाच निघाली. "म्हणजे ही कंपनी बाद," मी म्हणालो.

"ती विकतेच जास्त, तर बिघडते पण जास्त. तुमच्या डेपोत दुरुस्तीले कोणत्या गाड्या जास्त येत होत्या? ज्या जास्त होत्या त्याच न?"

मुद्दा पटला. त्यामुळे त्याच्यावरचा संशय दुप्पट झाला.

"मग भरवशाचं कोणतं, ते तरी सांग."

"ज्याचा माणूस फोन केल्यावर येते, ते," तो म्हणाला आणि पान्याने डोकं खाजवत कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीवरच्या मोठ्या दुकानात गेलो. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दोन ओले टॉवेल. नुसतं बटण दाखवून कोणी मला बनवू नये म्हणून. टाय लावलेला विक्रेता पिशवीपासून हातभर लांब उभा राहून बोलत होता.

"सर, हे आठ किलो धुते आणि पाच किलो वाळवते."

"अन् तीन किलो?"

"कोणते तीन किलो?"

"आठ आत गेले, पाच वाळून बाहेर आले. माझे तीन किलो टॉवेल गेले कुठे?"

"ते... दुसऱ्या फेरीले सर."

ही चोरी पकडल्याच्या आनंदात मी घरी आलो. खरं सांगायचं तर चोरी नव्हती. एकाच ड्रममध्ये धुणं आणि वाळवणं करायचं तर वाळवायला मोकळी जागा लागते, म्हणून वाळवण्याचं वजन कमीच असतं. पण ते छापलेलं असतं मुंगीएवढ्या अक्षरांत. माझ्या त्या महिन्यातल्या संशयांपैकी हा एकच कामाचा निघाला, म्हणून तो मी अजून लोकांना सांगत फिरतो. वेगळा ड्रायर घ्यावा, असंही एकाने सुचवलं. गॅलरी मोजली. दोन मशीनं ठेवायची तर खुर्ची, आरसा किंवा मी, यांपैकी एकाला घराबाहेर काढावं लागलं असतं, आणि बायकोने त्यावर फार वेळ विचार केला नसता.

राहता राहिला भरवसा. मेकॅनिकचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. मी तीन दुकानांच्या दुरुस्तीच्या नंबरांवर फोन लावला आणि तिन्हीकडे तीच तक्रार केली: "मशीनमधून धूर निघून राहिला." पहिल्या ठिकाणी बराच वेळ संगीत ऐकवलं. दुसऱ्या ठिकाणी सोमवारी बघू म्हणाले. तिसरं दुकान आमच्याच भागातलं, लहानसं. पत्ता विचारला, फोन ठेवला, आणि अर्ध्या तासात दारात माणूस. चाळिशीचा, मिशा, खांद्यावर पिशवी, दोन जिने धावत चढल्याने धापा टाकत.

"मशीन कुठे आहे काका? मेन स्विच बंद केला न?"

"मशीन... अजून घेतलं नाही."

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मी त्याला खरं कारण सांगितलं. वाटलं होतं, कौतुक करेल. तो म्हणाला, "पाणी भेटेल का?" पाणी पिऊन गेला.

मशीन त्याच दुकानातून घेतलं. आठ दिवस उरले होते.

बसवायला अर्थात तोच आला. "धूर कुठे आहे काका?" असं दारातच विचारून. समोरच्या खोलीत बायको एका बाईंच्या भुवया कोरत होती, तोंडात दोऱ्याचं टोक धरून. त्यामुळे गॅलरीतला कारभार पूर्णपणे माझ्या ताब्यात होता. मी खुर्ची टाकून बसलो. त्याने खोकं फोडलं, पाइप जोडले, मशीन वळवलं, पाना काढला आणि पाठीमागचा एक बोल्ट सोडवायला लागला. वीतभर लांब, जाडजूड. तो निघाला. मग दुसरा, तिसरा, चौथा.

डेपोत असताना नव्या गाडीचे चांगले बोल्ट काढून जुने ठोकणारे मी डोळ्यांनी पाहिले होते. मी उठलो.

"हे काय चाललं आहे?"

"ट्रान्झिट बोल्ट आहे काका. काढावा लागते."

"नव्या मशीनचे बोल्ट काढावे लागते?"

"वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावतात. आता ड्रम हलला पाहिजे."

"अस्सं. म्हणजे कंपनी मूर्ख आहे. लावते अन् काढायले माणूस पाठवते."

"काका, बोल्ट तुमच्याच घरी ठेवा न. मले नको."

तो देतो आहे म्हटल्यावर तर माझी खात्रीच पटली. डेपोतले चोरही पकडले गेले की आधी माल परत करायचे. "चारही परत बसव," मी म्हणालो. "माझ्या समक्ष."

त्याने मला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा फक्त उसासा टाकला. चारही बोल्ट परत आवळून बसवले, पाना वायरीने मशीनलाच बांधून ठेवला आणि खिशातून फॉर्म काढला. "असं मशीन मी चालवून देत नाही. ग्राहकाने नाही म्हटलं, असं लिहून द्या."

लिहून द्यायला मी कधी मागे हटत नाही. माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'चारही बोल्ट माझ्या समक्ष परत बसवून घेतले.' खाली सही, तारीख, वेळ.

"झालं का जी?" समोरून बायकोचा आवाज.

"झालं! एक नट इकडचा तिकडे होऊ दिला नाही!"

दुपारी पहिली फेरी लावली. अकरा टॉवेल. बायको समोरच्या खोलीत एका बाईंना फेस पॅक लावत होती. पाणी भरलं, ड्रम डावीकडे-उजवीकडे फिरला, जरा गुरगुरला. मी म्हटलं, तरुण आहे. मग पिळण्याची पाळी आली.

आधी भांड्यांचं स्टँड वाजलं. मग मशीनने जागा सोडली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे निघालं, पाइप मागे ओढत. मी समोरून अडवलं. त्याने मला मागे ढकललं. तेव्हा डोक्यात एकच उपाय आला आणि मी वर चढून बसलो. माझं वजन कमी नाही. तरीही आम्ही दोघं मिळून उंबऱ्यापर्यंत आलो. पाइप निसटला, फरशीवर पाणी, माझ्या दातांवर दात वाजत होते, आणि दारात बायको उभी, तिच्या मागे चेहऱ्यावर पांढरा थर लावलेली ती गिऱ्हाईक बाई.

"वहिनी," बाई ओठ न हलवता म्हणाली, "काका काय करून राहिले?"

बायकोने भिंतीवरचा स्विच बंद केला.

"खराब पीस दिला!" मी वरूनच ओरडलो. "मी सांगतलं होतं न, तो माणूस बरोबर नाही! चालवून न दाखवताच पळाला!" आणि तिथेच दुकानात फोन लावून मालकाला ऐकवलं. फसवणूक, ग्राहक मंच, सगळं. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं. मिनिटभराने बायकोच्या फोनवर एक फोटो आला. नंबर तिचाच दिला होता, मी माझा कोणाला देत नाही.

तिने फोटो मोठा केला, मोठ्याने वाचला. "चारही बोल्ट माझ्या समक्ष..." मग थांबली. "अक्षर सुंदर आहे जी तुमचं."

त्यानंतर मशीनसोबत आलेलं पुस्तक तिने उघडलं. पहिल्याच पानावर चार बोल्टांचं चित्र आणि त्यावर लाल फुली. ते पुस्तक मी उघडलं नव्हतं, कारण कंपनीनेच छापलेलं पुस्तक कंपनीच्याच बाजूने बोलणार.

"फोन लावा त्याले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "सात दिवस आहेत. अकरा टॉवेल ओले आत पडले आहेत. त्याने नाही म्हटलं तर त्याचं बरोबर आहे."

मी फोन लावला. भरवशाचं मशीन म्हणजे ज्याचा माणूस येतो ते. आणि त्या माणसाला मी आधी खोट्या धुराने धावायला लावलं होतं, मग चोर ठरवलं होतं. त्याने उचलला नाही तर मी कोणावर संशय घेणार होतो?

त्याने दुसऱ्या रिंगला उचलला. "काका, चाललं का मशीन?"

"चाललं," मी म्हणालो. "स्वयंपाकघरापर्यंत."

तो हसला नाही, यावरून तो भला माणूस आहे हे मला कळायला हवं होतं. "मी तिकडे कुही गावात आहे, आज काही येणं होत नाही. व्हिडिओ लावा. पाना मागेच बांधून ठेवला आहे. मले माहीत होतं, लागेन."

मग मी गॅलरीत पालथा, बायकोच्या हातात फोन, आणि फोनमध्ये मागे धानाच्या बांधीतल्या भाताचं हिरवं आणि पुढे त्याच्या मिशा. चित्र मध्येच थिजायचं, आवाज यायचा, "डावीकडे फिरवा... डावीकडे काका... ते उजवं आहे." बायकोने दुसरा हात पसरून ठेवला होता. एकेक बोल्ट मी तिच्या तळहातावर ठेवला. चौथा ठेवल्यावर ती म्हणाली, "गेट पास?"

फोनमध्ये मिशा पहिल्यांदा हलल्या.

मशीन नंतर जागचं हललं नाही. धुऊन झाल्यावर वाळवायला मी पाचच टॉवेल ठेवले, उरलेले दुसऱ्या फेरीला. बाहेर आले ते तव्यावरून उतरवल्यासारखे गरम. वरून कोरडे आणि आतून ओले ठेवायची यांची काही युक्ती असेल म्हणून मी एकेक गालाला लावून पाहिला, घडी उलगडून काखेत दाबून पाहिला. बायकोने काखेतला परत धुवायला टाकला.

महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी भजनवाल्या बाई आल्या. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीच्या तोंडातून डोकावणारं निळ्या टॉवेलाचं टोक. मी पेपर उघडून दाराआड बसलो होतो. एक ओळही वाचली नाही.

फेशियल संपलं. बायकोने आमचा टॉवेल पुढे केला. बाईंनी तो घेतला, नाकाजवळ नेला, दूर धरला, परत जवळ नेला. तसा वास मीच घेतो.

"नवे घेतले तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नाही वं ताई. तेच आहेत."

"मले शिकवता? नवेच आहेत. एवढे मऊ जुने असतात का?"

"तेच आहेत," मीही बाहेरून बोललो. माझ्यावर तर त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. त्यांनी टॉवेल उजेडात धरला, चारही कोपरे तपासले. एका कोपऱ्यावर मेंदीचा तपकिरी डाग होता, गेल्या खेपेला त्यांच्याच केसांचा. तो त्यांनी अंगठ्याने घासून बघितला. मग त्याच टॉवेलाने चेहरा पुसला, सावकाश, कानामागेसुद्धा.

जाताना दारात थांबल्या. पिशवीतून निळा टॉवेल काढला आणि माझ्या हातात दिला.

"भाऊजी, तुमच्या मशीनमध्ये हा पण टाकून द्याल का? आमच्याकडे वाळतच नाही हो काही."

त्या जिना उतरल्यावर मी तो नाकाला लावला. तोच वास. मी तोंड उघडलं, तर बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि मी टॉवेल घेऊन गॅलरीत गेलो.