पुढे नवे, मागे जुने

मेहेकरीच्या अलीकडच्या वळणावर गाडीचं तोंड माझ्या हातात होतं, पण बूड माझ्या हातात राहिलं नव्हतं. पुढची चाकं मी वळवली तशी मुकाट्याने वळली. मागची दोन मात्र सरळ शेताकडे निघाली. क्षणभर गाडी रस्त्यावर तिरकी झाली आणि मग आपली आपणच सरळ आली. मी स्टिअरिंग इतकं आवळून धरलं होतं की बोटं सोडवायला वेळ लागला.

मागच्या सीटवरून आवाज आला, "नामदेव, डुलकी लागली का?"

"नाही बाई. खडी होती रस्त्यात."

खडीबिडी काही नव्हती. रस्ता लख्ख होता. मी चक्क खोटं बोललो.

मी तेव्हा नगरच्या एका डॉक्टरबाईंच्या फियाटवर ड्रायव्हर होतो. बाळंतपणाच्या डॉक्टर. बाईंचं बोलणं तुटक, चालणं भरभर. दर मंगळवारी तिसगावला त्या दवाखाना चालवायच्या. नगरहून भिंगार, मेहेकरी, मग करंजीचा घाट उतरला की करंजी आणि पुढे तिसगाव. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते ते. त्या रस्त्याची मला काडीची भीती नव्हती. ट्रक चालवून आलेला माणूस मी, फियाट म्हणजे माझ्या लेखी खेळणं.

भीती आली ती टायरांबरोबर.

बाईंचे धाकटे भाऊ विलायतेत मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. सुट्टीला आले तेव्हा बहिणीसाठी दोन टायर घेऊन आले. रेडियल टायर. शर्यतीच्या गाड्यांना तिकडे असलेच घालतात म्हणाले. चार आणायचे होते, पण दोनच आणता आले. बाकीचे दोन पुढच्या खेपेला. टायर बाईंच्या अंगणात टाकून ते चार दिवसांत परत गेलेसुद्धा.

वाचकांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे तेव्हा जे टायर होते त्यांच्यात दोऱ्यांचे थर तिरके, एकावर एक उलटसुलट घातलेले असत. टायर कडक. रेडियलमध्ये दोरे आडवे, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि वर तारेचा पट्टा. बाजू मऊ, पण तळवा रस्त्याला असा चिकटतो की विचारू नका.

आता दोन नवे टायर आले तर लावायचे कुठे? आमच्या धंद्यात हा प्रश्नच नव्हता. नवं टायर पुढे. मागचं फुटलं तर गाडी रखडते, पुढचं फुटलं तर ड्रायव्हर मरतो, हे आम्हाला क्लीनर असल्यापासून शिकवलेलं. मी दोन्ही टायर पुढे चढवले, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मागे आपले जुने, अर्धे घासलेले.

पहिले आठ दिवस मी हवेत होतो. गाडी वळणावर रुळावरून गेल्यासारखी जायची. एकच कटकट. रेडियलची बाजू खाली फुगते, पोट सुटल्यासारखी, आणि बघणाऱ्याला वाटतं हवा कमी आहे. भिंगारच्या नाक्यावर रोज कोणीतरी ओरडायचंच, "ड्रायव्हर, टायर बसलंय!" ऐकून ऐकून मलाही ते पटलं. मी चांगली सात-आठ पौंड हवा जास्त मारली. पोट गेलं, लोकांची तोंडं बंद झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी ते मेहेकरीचं वळण आलं.

बाईंना घरी सोडलं आणि मी तडक युनूस मिस्त्रीकडे गेलो. गाडी वर घेऊन त्यांनी सगळं बघितलं. पाटे, बेअरिंग, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे. हात पुसत म्हणाले, "कुछ नाय. गाडी एकदम ओके हाय."

"अहो मिस्त्री, मागून सुटते ती."

"पुढे असं विलायती टायर आणि तू रडतो? खोट गाडीत नाय नामदेव, तुझ्या मनात हाय."

गॅरेजमधली चार माणसं फिदीफिदी हसली. मीही हसलो.

पुढच्या मंगळवारी परत तेच झालं. या वेळी घाटाच्या तोंडाशी. समोरून एसटी आली म्हणून वळणात ब्रेकवर नुसता पाय ठेवला आणि मागचा भाग झोकांडी खाऊन बाहेर आला. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून शिवी देऊन गेला. बाई कागद वाचत होत्या, त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. त्यांना वाटलं, एसटीला जागा दिली.

खरं सांगतो, त्या दिवसापासून मला गाडीची भीती बसली. सकाळी किल्ली हातात घेतली की तळव्याला घाम यायचा. मी हळू चालवायला लागलो. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं.

"नामदेव, बैलगाडी पुढे गेली आपल्या."

"हो बाई."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे बाई."

सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लागलं होतं का? पण ड्रायव्हरने मालकाला सांगायचं की मला गाडीची भीती वाटते, म्हणजे आचाऱ्याने म्हणायचं मला विस्तवाची भीती वाटते. दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर उभा. घरात पाच तोंडं. मी मनाशी म्हटलं, होईल सवय.

मग तो शुक्रवार आला. दुपारी चारच्या सुमाराला तिसगावच्या दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. कालपासून अडलेली बाई, पहिलटकरीण, बैलगाडीतून आणली होती. बाळ आडवं होतं. तिला गाडीत घालून नगरला हलवण्यासारखी अवस्था नव्हती. आमच्या बाईंनी फोन ठेवला, बॅग उचलली.

"नामदेव, आज हळू नाही. कळलं?"

"हो बाई."

भिंगार सुटेपर्यंत मी बरा होतो. मेहेकरीचं वळण श्वास रोखून काढलं. मागून बाई दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होत्या, ते आरशात दिसत होतं. मी देवाचं नाव घेत घाटात गाडी घातली.

घाटात दुष्काळी काम चालू होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून दरीच्या बाजूला खडी फोडायला माणसं ओळीने बसलेली. निम्म्याहून जास्त बाया. रस्त्यावर बारीक मुरूम सांडलेला. तिसऱ्या वळणात एक म्हातारा डोक्यावर पाटी घेऊन अचानक समोरून आडवा निघाला. मी ब्रेक दाबला.

गाडी सुटली. या वेळी ती परत आली नाही. मागचा भाग दरीकडे, त्या बसलेल्या बायांकडे निघाला आणि मी स्टिअरिंग फिरवतोय, फिरवतोय, पण त्याचा आणि मागच्या चाकांचा काही संबंधच नाही. समोरच्या काचेतून मला रस्त्याऐवजी डोंगर दिसला. मग ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता दिसला. बाया किंचाळल्या. खडीच्या ढिगावर मागचं चाक चढलं, दणका बसला आणि इंजिन बंद पडलं.

मी डोळे मिटूनच बसलो होतो. कोणाला तरी मारलं, एवढंच डोक्यात होतं. खाली उतरलो. म्हातारा पाटी टाकून डोंगराच्या कडेला धडधाकट उभा होता. मागच्या चाकाजवळ एक बाई हातोडा धरून तशीच बसलेली. तिला उठायलाही सवड मिळाली नव्हती. तिची पाटी चाकाखाली चपटी झाली होती. पाटी आणि तिचा गुडघा, मध्ये वीतभर जागा. तिने माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं आणि एकदम हंबरडा फोडला.

माणसं धावून आली. कोणीतरी माझी कॉलर धरली. "मारतो का काय आमाला? डोळं फुटलं का तुजं?"

"सोडा त्याला!" आमच्या बाई मध्ये आल्या. कपाळाला लागलं होतं त्यांच्या. "मी डॉक्टर आहे. तिसगावला बाई अडलीय. नामदेव, गाडी सरळ कर, चल."

आणि मी म्हणालो, "बाई, मी नाही चालवणार."

"काय?"

"ही गाडी वळणावर मागून सुटते. महिनाभर सुटतेय. मी सांगितलं नाही तुम्हाला. अशीच नेली तर खाली करंजीला आपण पोचत नाही."

बाईंचा चेहरा पांढरा झाला. कपाळावरचं रक्त पुसायचंही त्या विसरल्या. मला वाटलं, आता थोबाडीत मारतात. त्या एवढंच म्हणाल्या, "मग काय करायचं ते लवकर सांग."

खरं तर मलाही माहीत नव्हतं. पण रस्त्यावरच्या मुरुमात चाकांच्या खुणा उमटल्या होत्या. पुढच्यांनी मुरूम खाली दाबला होता, मागच्यांनी झाडूने लोटल्यासारखा बाजूला सारला होता. पुढचे टायर जमीन सोडत नव्हते आणि मागचे धरत नव्हते. जोडीतला एक बैल तरणा आणि दुसरा थकलेला असावा तसं. म्हटलं, धरणारे मागे टाकावेत. आयुष्यभर पाळलेला नियम मोडायचा होता. घासलेलं टायर पुढे घेऊन घाट उतरायचा, आणि ते फुटलं तर?

"बाई, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करतो. पण जॅक एकच आहे. अर्धा-पाऊण तास जाईल."

"पाऊण तास नाही माझ्याकडे!"

कामावरचा मुकादम इतका वेळ ऐकत उभा होता. फेटा मागे सारून म्हणाला, "जॅक कशाला पायजे? आमी काय मेलोय व्हय? आरं या रं धा-बारा जन! भरल्याली बैलगाडी उचलतो आपुन, ही तर डबी हाय!"

आधी गाडी ढिगावरून ओढून, तोंड उताराकडे फिरवून सपाटीला घेतली. मी नट ढिले केले. माझी कॉलर धरणाऱ्यासकट बारा माणसं पुढून लागली आणि बायांनी खाली डबर रचलं. मग मागून. फियाट चार दगडांच्या थप्प्यांवर उभी राहिली. त्या चपट्या पाटीवाल्या बाईने एकेक नट पदरात धरला आणि मागेन तसा दिला. विलायती टायर मागे गेले, त्यांची जास्तीची हवा मी अंदाजाने सोडली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. बाईंनी घड्याळावरून डोळा काढला नव्हता.

"जावा आता," मुकादम म्हणाला. "लेकीबाळीचं काम हाय. पन जपून."

पुढची वळणं मी जीव मुठीत धरून काढली. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता सुटली. सुटली नाही. त्यातल्या चौथ्या वळणाला मुद्दाम ब्रेकवर पाय टेकवून बघितला. गाडी दबली आणि सरळ राहिली. मला रडूच फुटलं. बाई मागून म्हणाल्या, "रड, पण जोरात चालव."

तिसगावला पोचलो आणि बाई पळतच आत गेल्या. मी पायरीवर बसून राहिलो. तासाभराने सिस्टर बाहेर आली. अडलेली पोरगी वाचली होती. बाळ गेलं होतं. मुलगा होता.

परत येताना बाई पुढे माझ्या शेजारी बसल्या. घाट चढून वर आलो तेव्हा मी विचारलं, "बाई, ती वीस मिनिटं गेली नसती तर बाळ...?"

बाई समोर बघत होत्या. म्हणाल्या, "माहीत नाही, नामदेव."

मी वाट बघितली. "नसतंच वाचलं" असं काहीतरी म्हणतील म्हणून. त्यांनी ते म्हटलं नाही. खोटं बोलायची सवय त्यांना नव्हती. ती मला होती.

नोकरी गेली नाही. बाईंनी तो विषयही परत काढला नाही. त्यांनी भावाला पत्र टाकलं, महिन्याने उत्तर आलं. दोनच असतील तर रेडियल नेहमी मागे, पुढे कधीच नाही, पुढे लावले तर गाडी मागून सुटते, त्यांच्यात हवा जास्त असली तर आणखीच. हे सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून सांगितलं नाही. आता बोला! विलायतेत असेल ठाऊक. आम्हाला नगरात कोण सांगणार होतं? मला भयंकर राग आला होता त्या पत्राचा. पण राग ओसरल्यावर मनात यायचं, त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही, तशी मीही एक सांगितली नव्हती. त्यांना आपल्या रस्त्यावर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. मला सगळं कळत होतं.

पुढे मी पंचवीस वर्षं गाडी चालवली. नवीन ड्रायव्हर कामाला लागला की ओळखीचे मालक त्याला माझ्याकडे पाठवत. चारही टायर एका जातीचे ठेव, दोनच चांगले असले तर मागे टाक, हे मी शेवटी सांगायचो. आधी विचारायचो, "गाडीची भीती वाटली, तर त्याच दिवशी मालकाला सांगशील का?"

सगळे छातीवर हात ठेवून हो म्हणायचे. मेहेकरीच्या वळणाआधी मला कोणी विचारलं असतं, तर मीही हो म्हणालो असतो.