चर्चहून आल्यावरची गोळी

हुकूम सोडायची माझी सवय जुनी आहे. आईला सोरायसिसच्या चट्ट्यांसाठी मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली, तेव्हा आठवड्यातून एकदाच घ्यायची असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. श्रीरामपूरला घरी आल्यावर मी ते आईसाठी सोपं केलं. "चर्चहून आलीस की जेवायचं आणि ही गोळी घ्यायची. बाकी डोकं चालवू नकोस." मुलींच्या वसतिगृहात जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला मी हे असं सांगितलं.

काही महिने सुरळीत गेले. मग ईस्टरच्या आधीचा दुःखसहनाचा सप्ताह आला. त्या आठवड्यात चर्चमध्ये रोज संध्याकाळी उपासना असते आणि आई एकही चुकवत नाही. मी शाळेचे पेपर तपासण्यात गुंतले होते.

शनिवारी तिला घास गिळवेना. उन्हाने तोंड आलं असेल म्हणून मी गुलकंद दिला. ईस्टरला दुपारी तिची साडी जरा वर सरकली. नडगीवरच्या जुन्या चट्ट्यांची कातडी सुटून खाली लालभडक जखमा झाल्या होत्या.

तसंच नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जखमा पाहिल्या, तोंडात बॅटरी मारली, मी नेलेली गोळ्यांची पट्टी पाहिली आणि विचारलं, "ही गोळी रोज घेतली का?"

"शक्यच नाही," मी फणकारले. "फक्त रविवारी. मीच लावून दिलंय."

आईने सुजलेले ओठ कसेबसे हलवले. "चर्चहून आले की घेत हुते. तूच म्हन्ली हुतीस ना?"

रविवार ते शुक्रवार, सलग सहा दिवस. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्यात, उताऱ्याचं इंजेक्शन सुरू करतोय, आता जंतुसंसर्ग झाला तर वाचवणं अवघड, एवढंच डॉक्टर म्हणाले.

पुढचे चार दिवस मी रिपोर्टच्या खिडकीशी उभी राहायचे. मला प्रार्थना सुचत नव्हती. ड्रेसिंग करताना आई उशीचा कोपरा मुठीत धरायची आणि मी नर्सवर खेकसायचे. खेकसायचं खरं तर स्वतःवर होतं.

पाचव्या दिवशी पेशी वाढल्या. आई वाचणार होती. त्याच दुपारी पुण्याहून भाऊ आला आणि खाट गाठताच तिच्यावर चिडला. "आई, आठवड्याची गोळी रोज कशी काय घेतलीस? कुणी सांगितलं तुला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या ओठांना मलम लावत होते. बोट थांबलं.

"कुनी न्हाई रे," ती म्हणाली. "वय झालं. इसरले मी."

भाऊ मग माझ्याकडे वळला. "तू होतीस म्हणून बरं," तो म्हणाला. मी मान हलवली.