घरातलं नाक

एका तापात मला वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. बायको होती तोवर काही अडलं नाही. दूध करपलं, डाळ आंबली, गॅस सुटला, सगळं तिलाच आधी कळायचं. या घरात दोघांत मिळून एकच नाक आहे, असं ती मला चिडवायची. गेल्या साली ती गेली. पवनानगरच्या या घरात आता मी एकटा, तोही बिननाकाचा.

आमच्याकडे पावसाळ्यात खिडक्यांना बाहेरून प्लॅस्टिकचा कागद ठोकतात. नाहीतर धरणावरचं धुकं थेट अंथरुणात शिरतं. जूनमध्ये लागलेला कागद दसऱ्यालाच निघतो. त्यामुळे आतलंही काही बाहेर जात नाही, याचा विचार कोणी करत नाही. मीही केला नव्हता.

त्या दिवशी चहा ठेवला आणि बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. चहा उतू गेला, शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. मला पत्ताच नाही. अंधारून आलं म्हणून दिवा लावायला उठलो, तेवढ्यात शेजारच्या वहिनी अळूवड्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"भाऊ, बटनाला हात लावू नका."

त्यांनी आत जाऊन शेगडी आणि रेग्युलेटर बंद केला, मागचं दार सताड उघडलं, बाहेरून खिडकीचा कागद ओढून काढला. मग आम्ही दोघं पावसात भिजत अंगणात उभे राहिलो. एवढा वास तुम्हाला कसा आला नाही, असं त्यांनी विचारलं. बायकोशिवाय कुणालाच न सांगितलेलं मी तिथे सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी यायला लागल्या. स्वयंपाकघरात उभं राहून हुंगायच्या, नळीपाशी वाकायच्या, ठीक आहे म्हणायच्या आणि चहा घेऊन जायच्या. मी आधीच दोन कप काढून ठेवायचो. दिवसभरात कानावर पडणारा माणसाचा आवाज बहुतेक तेवढाच असायचा.

मुलाला कळलं तसं त्याने गॅस सुटला की ओरडणारं यंत्र पाठवलं. हा गॅस जड, खाली साचतो, म्हणून ते जमिनीलगत लावायचं. लावलं. वहिनींना दाखवलं. आता घोर मिटला म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या. भातलावणीचे दिवस होते, त्यांना कामं काय कमी? त्या यायच्या थांबल्या. त्यांचं काहीच चुकलं नाही. मला मात्र त्या डबीचा राग यायला लागला. इतकं एकटं मला बायको गेल्यानंतरही वाटलं नव्हतं.

यंत्र चालतं का, ते अधूनमधून बटण दाबून बघायचं असतं. एका सकाळी मी ते दाबलं आणि दाबूनच धरलं, गरजेपेक्षा बराच वेळ. वहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या. मी म्हणालो, काही नाही, तपासत होतो. त्यांनी हवा हुंगली, मग माझ्याकडे बघितलं. आणि एकदम वळल्या. घरी तव्यावर भाकरी, खाली गॅस पेटता, तसंच टाकून आल्या होत्या. पायरी उतरता उतरता म्हणाल्या,

"भाऊ, नुसती हाक मारायची व्हती. गॅस बंद करून आले असते."