लाल बटणावरचं बोट

रुग्णवाहिका बोलावण्याच्या वेबसाइटवर आज लाल बटण बसवताना माझा हात थबकला. माझे वडील, आबा, गेल्या महिन्यात गेले. आठवली ती मात्र काही वर्षांपूर्वीची, आमच्या गावची, शिराळ्याची दुपार.

आबांच्या छातीत कळ आली होती. मी त्यांना पाठीमागून धरून बसलो होतो. मोबाइल आईच्या हातात होता, पडद्यावर असंच लाल बटण होतं आणि तिचं बोट त्याच्यावर येऊन अडलं होतं.

"दाब की, आई."

"आरं, लाल हाय ते. उसाची मोटर लालनंच बंद करतोय न्हवं आपण?"

"ह्यानं गाडी येती. दाब."

तिनं डोळे मिटून दाबलं. गाडी आली, आबा वाचले.

तेव्हा वाटलं, आई मोबाइलला घाबरली. आज बटण हिरवं करताना कळलं, आपल्याच बोटानं आबांचा श्वास बंद पडेल, याला ती घाबरली होती.